ब्रेक पॅडसोबत डिस्कही बदलायची का?

प्रश्न: रोज घोडबंदर रोडवरून कार जाते, ब्रेक दाबला की किर्र वाजतं. गॅरेजवाला पुढचे पॅड आणि डिस्क दोन्ही बदला म्हणतो. खरंच गरज आहे?

उत्तर: आधी मोजायला सांगा. पॅडचं मटेरियल ३ मिमी किंवा कमी उरलं असेल तर पॅड गेले. डिस्कच्या कडेला किंवा हबजवळ ‘मिन टीएच’ म्हणजे किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. मायक्रोमीटरने (जाडी मोजायचं साधन) मोजलेली जाडी त्याच्या खाली आली तरच डिस्क बदलायची. (पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज दिसतो, तो चार-पाच ब्रेकमध्ये निघतो. त्याला घाबरून खर्च करू नका.) पेडल थरथरत असेल, तर मात्र डिस्कची जाडी असमान झालेली असू शकते.

पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकत्र बदला, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. ट्रॅफिकमध्ये थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीला कंपनीच्या ग्रेडचेच पॅड उत्तम. रेसिंगचे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत. सुटे भाग चॅसिस नंबरवरून घ्या, कारण एकाच मॉडेलमध्येही कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) वेगळे असू शकतात.

बसवताना कॅलिपर ज्यावर सरकतो त्या स्लाइड पिन साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलंच पाहिजे. पिन अडकली की आतला पॅड बाहेरच्याच्या आधी झिजतो, आणि हेच बहुतेक गॅरेजमध्ये राहून जातं. कॅलिपरमधला पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइल डबीबाहेर सांडू शकतं, तेवढं लक्ष ठेवा. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून पाम बीच रोडसारख्या मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, ५० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा सावकाश वेग उतरवा. पूर्ण थांबू नका.