बीच बॉईजचा ‘स्माइल’ अर्धवट राहिला होता, तर मग त्याचे इतके ‘पूर्ण’ अल्बम कुठून आले? खरा कोणता?

तुम्ही लिहिलंय की बीच बॉईज या अमेरिकन बँडचा ‘स्माइल’ हा अल्बम कधी पूर्णच झाला नाही असं सगळीकडे वाचलं, पण यूट्यूबवर शोधायला गेलं तर डझनभर ‘पूर्ण’ स्माइल समोर येतात. प्रत्येकात गाण्यांचा क्रम निराळा, काहींत तर एकच गाणं दुप्पट लांब. यातला खरा कोणता, आणि ऐकायला कुठून सुरुवात करू?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: खरा कोणताच नाही. टेप हरवल्या नाहीत, जळल्या नाहीत, ढिगाने शिल्लक आहेत. त्या कोणत्या क्रमाने जोडायच्या एवढंच ठरवायचं राहून गेलं. ते काम मग लोकांनी आपल्या अंगावर घेतलं. त्या लोकांत मीही आलो. २०१२ च्या पावसाळ्यात मी लॅपटॉपवर माझा स्माइल लावायला घेतला, तो अजून लावतोच आहे. तेव्हा उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

बीच बॉईज म्हटलं की समुद्र, लाटा, गाड्या, उन्हात रापलेली पोरं हेच डोळ्यांसमोर येतं. त्यांची गाणी रचणारा ब्रायन विल्सन मात्र १९६४ च्या डिसेंबरात विमानात भीतीने पार कोसळला, आणि त्यानंतर दौरे सोडून स्टुडिओतच रमला. बाकीचे गावोगाव कार्यक्रम करत, हा लॉस एंजेलिसमध्ये वादक जमवून वाद्यांचा भाग मुद्रित करून ठेवी, मंडळी परतली की त्यावर आवाज चढत. मे १९६६ मध्ये ‘पेट साउंड्स’ आला. त्याच वर्षी फेब्रुवारी ते सप्टेंबर असे आठ महिने तो ‘गुड व्हायब्रेशन्स’ या एकाच गाण्यामागे होता. स्टुडिओ चार, गाणं साडेतीन मिनिटांचं.

एवढे महिने लागले, कारण ते गाणं त्याने सलग मुद्रित केलंच नाही. वीस-तीस सेकंदांचे सुटे तुकडे मुद्रित केले, मग फीत ब्लेडने कापून, चिकटपट्टीने जोडून गाणं तयार केलं. हेडफोन लावून सव्वादोन मिनिटांच्या आसपास ऐका. दणदणीत चाललेलं गाणं एकदम थांबतं आणि नुसता ऑर्गन उरतो, चर्चमध्ये शिरल्यासारखा. तिथे चाल बदलतेच, पण भोवतालची खोलीही बदलते. तो कापलेला सांधा आहे, आणि तो लपवायची त्याला काही गरज वाटलेली नाही.

ऑक्टोबर १९६६ मध्ये हे गाणं बाजारात आलं आणि डिसेंबरात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. चोवीस वर्षांच्या पोराला एवढं यश मिळाल्यावर तो काय करणार? त्याने अख्खा अल्बमच या पद्धतीने करायचा घाट घातला. शब्दांसाठी व्हॅन डाइक पार्क्स हा तेवीस वर्षांचा कवी-संगीतकार घेतला. घरच्या पियानोखाली वाळूचा हौद केला, म्हणजे वाजवताना पायांना वाळू लागावी. (ही दंतकथा वाटते, पण खरी आहे. घरातल्या कुत्र्यांनी त्या वाळूचं काय केलं असेल ते तुमच्या कल्पनेवर सोडतो.)

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली एका ओळीत आहे. कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीने अल्बम हातात यायच्या आधीच चार लाखांहून जास्त कव्हरं छापून ठेवली. पुढच्या बाजूला हसू विकणाऱ्या दुकानाचं चित्र, फ्रँक होम्सने काढलेलं. मागच्या बाजूला बारा गाण्यांची यादी, आणि सोबत सूचना: वाजवण्याचा योग्य क्रम लेबलवर पाहावा. तबकडीवर चिकटवायचं ते लेबल कधी छापलंच गेलं नाही. गेली जवळपास साठ वर्षं जगभरचे लोक ते लेबल छापायच्या खटपटीत आहेत.

अल्बम का फसला यावर पुस्तकं झाली आहेत, मी थोडक्यात उरकतो. नोव्हेंबर १९६६ मध्ये आगीवरच्या वाद्यसंगीताचं मुद्रण झालं तेव्हा ब्रायनने वादकांना खेळण्यातली बंबवाल्यांची टोपी घालायला लावली, वास यावा म्हणून बादलीत लाकडं पेटवली. पुढच्या दिवसांत शहरात आगी लागल्याचं त्याच्या कानावर आलं आणि आपल्या संगीतानेच त्या लावल्या या भीतीने तो हादरला. ती टेप जाळून टाकली असं तो पुढे सांगत असे, पण टेप शाबूत निघाली. बँडमधला गायक आणि ब्रायनचा आतेभाऊ माइक लव्ह याला पार्क्सचे शब्द पटत नव्हते. कंपनीशी कोर्टकज्जा सुरू झाला होता. नशा होती, आणि आत कुठेतरी मन आजारी होत चाललं होतं. १९६७ च्या वसंतात पार्क्स निघून गेला, मे महिन्यात स्माइल रद्द झाल्याची बातमी आली. सप्टेंबरात ‘स्मायली स्माइल’ नावाचा घरगुती, लहानखुरा अल्बम आला. मला तो आवडतो, पण वाट पाहिली होती ती वरातीची आणि दारात आलं ते सायकलवरून आलेलं जोडपं.

मूळ टेपमधली गाणी पुढे एकेक करून इतर अल्बमांत झिरपत राहिली. ‘अवर प्रेअर’ आणि ‘कॅबिनेसन्स’ १९६९ मध्ये, ‘सर्फ्स अप’ १९७१ मध्ये. लोकांना एवढं कळलं की कुठेतरी मोठं घबाड आहे. ऐंशीच्या दशकात चोरट्या प्रती फुटल्या, प्रतीची प्रत, तिची प्रत, निम्मं संगीत आणि निम्मी खरखर. १९९३ मध्ये कंपनीनेच एका संचात अर्ध्या तासाचा ऐवज दिला. तिथून पुढे कॉम्प्युटर घरोघर आले आणि ज्याला त्याला वाटलं, लावून तर बघू.

आता पंचाईत कशी होते ते सांगतो. त्या बारा गाण्यांच्या यादीत ‘दि एलिमेंट्स’ असं एक नाव आहे. म्हणजे महाभूतं. त्यांच्याकडे ती चारच, नाहीतर आकाशाची पाचवी भानगडही आपल्या गळ्यात पडली असती. अग्नी कोणता ते पक्कं: ‘मिसेस ओलिअरीज काऊ’. १८७१ ची शिकागोची आग एका बाईच्या गाईने कंदिलाला लाथ मारल्याने लागली अशी लोककथा आहे, त्यावरून हे नाव. वारा म्हणजे ‘विंड चाइम्स’ असावं. पृथ्वी म्हणजे ‘वेजिटेबल्स’, कारण अल्बमसोबतच्या पुस्तिकेतल्या भाज्यांच्या चित्राखालीच ‘दि एलिमेंट्स’ असं लिहिलंय. छान! पण मग छापील यादीत ‘वेजिटेबल्स’, ‘विंड चाइम्स’ आणि ‘दि एलिमेंट्स’ ही तीन वेगवेगळी गाणी का? आणि पाण्याचं म्हणून जे गाणं लोक घालतात त्याचं मुद्रण मे १९६७ चं, यादी डिसेंबर १९६६ ची. एकाच चित्राच्या ओळीवरून लोकांनी वर्षानुवर्षं एकमेकांची तोंडं पाहिलेली नाहीत.

मी पुण्याचा, त्यामुळे पाठभेद, शुद्ध प्रत हे शब्द कानावरून गेलेले. सुरुवातीला मला वाटलं, हेही तसंच काम. योगायोग असा की भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्तीही १९६६ मध्येच पुरी झाली. शेकडो पोथ्या ताडून बघायच्या, मागून घुसलेलं बाजूला काढायचं आणि हाती लागेल तितक्या जुन्या पाठापर्यंत जायचं. तिथे मागे जावं तसतसं साहित्य आटत जातं, म्हणून काही निर्णय करता येतो. स्माइलमध्ये उलटं आहे. मागे जावं तसतसे तुकडे वाढत जातात.

‘हीरोज अँड व्हिलन्स’चंच बघा. त्याचे तुकडे इतके की त्यांतून दोन मिनिटांचं गाणं होतं आणि दहा मिनिटांचंही. त्यातली ‘बायसिकल रायडर’ म्हणून ओळखली जाणारी सुरावट ‘डू यू लाइक वर्म्स’ या गाण्यातही आहे. ती दोन्हीकडे ठेवली तर पुनरावृत्ती वाटते, एकीकडून काढली तर ते गाणं लंगडं होतं. अल्बम तुकडे कमी पडले म्हणून अडला असं बऱ्याच जणांना वाटतं. माझं मत बरोबर उलट आहे: कुठलाही तुकडा कशालाही जोडता येत होता, म्हणून अडला. शंभर दारं उघडी असली की माणूस अंगणातच उभा राहतो.

हे मला वाचून कळलं नाही, हातांनी केल्यावर कळलं. मला ‘वंडरफुल’ संपलं की थेट ‘चाइल्ड इज फादर ऑफ द मॅन’ हवं होतं. पहिल्यात हार्प्सिकॉर्ड, सतारीच्या नाजूक नातलगासारखं वाजणारं. त्याचा शेवटचा सूर विरत असतानाच पुढचा पियानो यायला हवा. लवकर कापलं तर टक्‌ असा आवाज, उशिरा कापलं तर गाणं दम लागल्यासारखं थांबतं. दोन रात्री गेल्या. स्वयंपाकघरातून विचारणा झाली, “तेच चार सेकंद किती वेळा?” शेवटी लक्षात आलं, घोटाळा सुरांत नव्हताच, शांततेत होता. प्रत्येक फितीची आपली एक सरसर असते. सूर थांबला तरी ती चालू राहावी लागते, ती तुटली की कानाला खड्डा लागतो. मग त्याच टेपच्या सुरुवातीची, वादकांनी वाजवायला लागण्याआधीची दीड सेकंदाची सरसर उचलली आणि सांध्याखाली अंथरली. जमलं. एकंदर नफा दीड सेकंद. ब्रायनला हे ब्लेडने करायचं होतं, चुकला तर मागे घ्यायचं बटण नव्हतं, आणि कव्हरं छापून बसलेली कंपनी दाराशी उभी होती.

तुम्ही म्हणाल, ब्रायननेच पुढे अल्बम पूर्ण केला की! केला. त्याच्या वाद्यवृंदातला डॅरियन सहानजा याने जुने तुकडे लॅपटॉपवर घेतले आणि दोघं बसून ते पुढेमागे सरकवत राहिले. जुन्या कागदावरचा एक शब्द लागेना तेव्हा ब्रायनने थेट पार्क्सला फोन लावला, आणि तोही कामात ओढला गेला. २० फेब्रुवारी २००४ ला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये हे सगळं तीन भागांत सादर झालं, सप्टेंबरात नव्याने मुद्रित अल्बम आला. २०११ मध्ये बीच बॉईजच्या मूळ टेपचा संच निघाला, ‘द स्माइल सेशन्स’, आणि त्यातल्या पहिल्या डिस्कचा क्रम याच २००४ च्या धर्तीवर आहे.

खरं म्हणजे इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण लगेच हरकत आली: तीन भागांची रचना १९६६ मध्ये कुठे होती? तेव्हा तबकडीला दोनच बाजू. एकसष्ट वर्षांच्या माणसाने चोवीस वर्षांच्या माणसाचं काम पुरं केलं, तर ते त्याचंच म्हणायचं का? मी म्हणतो, त्याचंच, आणि इतर कुणाहीपेक्षा त्याचा हक्क मोठा. तरीही ती एक आवृत्तीच आहे. तीही लॅपटॉपवर सरकवून, दुसऱ्याच्या मदतीने लागली, आमच्यासारखीच. ११ जून २०२५ ला ब्रायन गेला. आता लेबल कोण छापणार हा प्रश्न तसा उरलाच नाही.

अलीकडे एआयने आवाज सोडवून, कधी न गायलेल्या ओळी तरुण ब्रायनच्या नकली आवाजात गाऊन घेणारे स्माइल दिसतात. सांधे सुरेख असतात. मला मात्र ते ऐकवत नाही. तुकडे हलवणं वेगळं आणि माणसाच्या तोंडी शब्द घालणं वेगळं.

तुमचा दुसरा प्रश्न, सुरुवात कुठून. ‘गुड व्हायब्रेशन्स’ हेडफोनवर, वर सांगितलेल्या सांध्यासकट. मग १९७१ चं ‘सर्फ्स अप’: त्याचा पहिला भाग ब्रायनचा धाकटा भाऊ कार्ल याने १९७१ मध्ये गायलेला, दुसऱ्या भागात १९६६ चा ब्रायन एकटाच पियानोवर. मग २०११ ची पहिली डिस्क अथपासून इतिपर्यंत, मध्ये फोन न बघता. त्यानंतर २००४ चा. चाहत्यांचे अल्बम यापुढे, आणि त्यांतही आधी दोन बाजूंचे, बारा गाण्यांचे, मोनोतले (दोन्ही कानांत एकच आवाज येणारे) ऐका. नियम पाळणाऱ्यांचे हाल जास्त मजेदार असतात.

दोन आठवड्यांनी तुम्हाला क्रम बदलावासा वाटायला लागेल. ऑडॅसिटी हे आवाज कापायजोडायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ‘वेजिटेबल्स’ कुठे ठेवलंत ते मात्र मला नक्की कळवा. माझ्याकडे ते आत्तापर्यंत सात ठिकाणी राहून आलंय, आणि सध्या दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला आहे, तेही नाखुशीनेच.