निकाल झाकून ठेव

प्रिय मुली,

परवा रंकाळ्यावर तू म्हणालीस, "सर, कायद्याच्या वर्गात प्रश्न विचारला की पोरं खाली बघतात आणि नोट्स मागतात. शेवटी मी लिहूनच देते." त्या रात्री झोप लागली नाही. वीस वर्षं मी तेच केलं.

माझा एक जुना विद्यार्थी जिल्हा न्यायालयात वकील म्हणून उभा होता. त्यानं एका जुन्या खटल्याचा दाखला दिला, तोही मी सांगितलेल्या शब्दांत. न्यायाधीशांनी विचारलं, "त्या खटल्यात घडलं काय होतं?" त्याला सांगता येईना. मी मागच्या बाकावर होतो. त्याला ते शिकवलंच नव्हतं मी.

म्हणून सांगतो, निकाल झाकून ठेव. मथुरा खटला घे. १९७२, रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, आदिवासी मुलगी, दोन पोलिसांवर बलात्काराचा आरोप. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं, उच्च न्यायालयानं दोषी धरलं. इथं थांब आणि पोरांना त्यांचा निकाल कारणांसह लिहू दे. मगच सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या निकालाचं पान उघड: अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, म्हणून पोलीस निर्दोष. रात्री ठाण्यात गप्प राहणं म्हणजे संमती का? १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून त्या निकालालाच प्रश्न विचारले. चौघंही कायदा शिकवणारे, तुझ्यामाझ्यासारखे. देशभर आंदोलन उठलं आणि १९८३ मध्ये पुरावा कायद्यात कलम ११४-अ आलं: कोठडीतल्या बलात्कारासारख्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं बाईनं न्यायालयात सांगितलं, तर न्यायालयानं ती नव्हती असंच धरायचं. हे सगळं आधीच सांगून टाकलंस, तर पोरं फक्त साल पाठ करतील.

अभ्यासक्रम पुरा होणार नाही, म्हणशील. नाही होत! पुढं मी ही पद्धत धरली तेव्हा माझाही झाला नाही. वरिष्ठांनी लेखी खुलासा मागितला, तो मी दिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निकाल झाकूनच वर्गात गेलो. माझं चुकलं असं आजही वाटत नाही. राहिलेले धडे पोरं घरी वाचतात. विचार करायची सवय घरी कोण लावणार?

आणि तुला तर माझ्यापेक्षा सोपं आहे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच आहे, सहा जिल्ह्यांची प्रकरणं कोल्हापुरात चालतात. पोरांना घेऊन जा. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद ऐकू दे. न्यायालयानं निर्णय राखून ठेवला, की त्याच संध्याकाळी त्यांच्याकडून निकाल लिहून घे. पहिल्यांदा चारपाच जणच लिहितील. लिहू देत. ते कागद घरी घेऊन ये, मला वाचायचे आहेत.

तुझा,
सर