डक्टेड की स्प्लिट? छतात लपवलेल्या एसीबरोबर राहिलेल्या माणसाचं उत्तर

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. ठाण्यात तीन बीएचके, नुकताच ताबा मिळालाय, आणि इंटिरियर डिझायनर म्हणतोय की भिंतीवर पांढरे डबे लटकवू नका. फॉल्स सीलिंगमध्ये डक्टेड एसी घ्या (म्हणजे छतात एक मोठं मशीन आणि तिथून खोल्याखोल्यांत हवा नेणारे पत्र्याचे बोगदे, डक्ट), हॉल आणि तिन्ही बेडरूम एकाच मशीनवर चालतील. घरच्यांना ते चित्र आवडलंय, तुम्हाला मात्र बिलाची धास्ती आहे. आम्ही ठाण्यातच फ्लॅट रीसेलमध्ये घेतला तेव्हा त्यात नेमकं हेच बसवलेलं होतं. काही वर्षं ते सांभाळलं आणि शेवटी काढून खोलीगणिक वेगळे स्प्लिट लावले. मी एसीच्या धंद्यातला नाही, इंजिनिअरही नाही, तेव्हा पुढचं सगळं वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिलंय असं समजा.

टनेज, तारे, ब्रँड यात जात नाही, त्यावर भरपूर लिहून झालंय. बिलाचं मात्र थोडं सांगतो, कारण तुमची धास्ती रास्त आहे. आमचं मशीन साडेपाच टनाचं, फिक्स्ड स्पीडचं, म्हणजे कंप्रेसर एकाच वेगाने चालणारं. रात्री एकाच खोलीत माणसं झोपलेली असली तरी कंप्रेसर चालू झाला की सहा किलोवॉटच्या आसपास ओढणार. त्याच खोलीत आता एक टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट आहे, म्हणजे गरजेप्रमाणे कंप्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट थंडावा. लेबलवर आयएसईईआर (हंगामी कार्यक्षमतेचा आकडा) ५ लिहिलेलं असेल तर हंगामभराच्या सरासरीने एका युनिट विजेत पाच युनिटांचा थंडावा मिळतो. पूर्ण भारावर फार तर एक किलोवॉटच्या आसपास, आणि खोली गार झाल्यावर त्याहून बरंच कमी. डक्टमधून तीस टक्क्यांवर ऊर्जा वाया जाते असं तुम्ही कुठेतरी वाचलंय. तो आकडा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आहे आणि मुख्यतः तिकडच्या तापलेल्या माळ्यांवरून जाणाऱ्या डक्टना लागू पडतो. मधल्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटला तो जसाच्या तसा लावू नका. आपल्याकडे खरा तोटा होतो तो रिकाम्या खोल्या गार करण्यात.

दुसरं म्हणजे माणसं. आमच्याकडे आईला एसी सोसत नाही, गुडघे आखडतात. मुलीला बावीसवर हवा, आम्हा दोघांना सव्वीस पुरे. थर्मोस्टॅट एकच आणि तोही हॉलमध्ये. आईच्या खोलीतलं हवेचं ग्रिल बंद केलं की तिथली हवा बाकीच्या खोल्यांत जोरात यायची आणि ग्रिल रात्रभर शिट्टी वाजवायचं. शिवाय मशीनकडे परत जाणारी हवा सगळ्या खोल्यांची एकच. सकाळी स्वयंपाकघराचं दार उघडं राहिलं की लसणाच्या फोडणीचा वास बेडरूमच्या चादरीपर्यंत. आता आईच्या खोलीत स्प्लिट आहे, पण तो वर्षातले दहा महिने बंद असतो आणि त्याची झळ कोणालाही लागत नाही. (नवीन इन्व्हर्टर डक्टेड मशीन घेऊन प्रत्येक खोलीला मोटारीचा डँपर (हवेची झडप) लावला तर हा मुद्दा बराच सौम्य होतो. पण त्याचा खर्च डिझायनरच्या कोटेशनमध्ये धरलाय का ते विचारा, बहुधा धरलेला नसतो.)

आता मूळ मुद्द्यावर येतो. वीज आणि वास आम्ही चालवून घेतले असते. आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते कंपनीचं अधिकृत सेवा केंद्र. नाव घेत नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात थंडावा कमी झाला आणि बेडरूमच्या दाराजवळ जिप्समवर ताटाएवढा पिवळट डाग उमटला. मी दोन्ही गोष्टी एकाच फोनवर सांगितल्या. त्यांनी दोन तक्रारी नोंदवल्या, एक ‘कूलिंग कमी’ आणि एक ‘पाणी गळती’. दोन वेगळी माणसं आली. पहिला शिडीवर चढला, ग्रिल काढलं, मोबाइलच्या उजेडात आत पाहिलं, म्हणाला, “आतलं काही दिसत नाही साहेब, गॅस टाकून देतो.” गॅस टाकला, ओटीपी घेतला, तक्रार बंद. दुसऱ्याने ड्रेन पाइपमध्ये फुंकर मारली, पाणी वाहतंय म्हणाला, ओटीपी घेतला, तक्रार बंद. महिनाभर थंडावा बरा, मग पुन्हा तेच. आमचा वार्षिक देखभालीचा करार त्यांच्याशीच होता, पण गॅसचे पैसे वेगळे. तेव्हा प्रत्येक खेपेला बिल.

हे दोन आजार नव्हते, एकच होता. गॅस इंधनासारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, वर्षानुवर्षं तेवढाच असतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, दुसरा अर्थच नाही. गॅस कमी झाला की आतल्या कॉइलमधला दाब उतरतो, कॉइल शून्याखाली जाते आणि तिच्यावर बर्फ धरतो. बर्फाने हवेची वाट अडते म्हणून खोलीत थंडावा कमी. मशीन बंद केलं की तो बर्फ एकदम वितळतो, खालच्या ट्रेला तेवढं पाणी झेपत नाही, आणि ते सीलिंगवर सांडतं. म्हणून ड्रेन साफ असूनही डाग वाढत होता. हे आम्हाला सेवा केंद्रातल्या कोणीही सांगितलं नाही. सांगणार कोण, दोन्ही माणसं एकमेकांना कधी भेटलीच नव्हती.

गळती शोधून द्या म्हणून मी केंद्रात जाऊन बसलो. उत्तर मिळालं, “युनिटला पोचायला ट्रॅपडोअर, म्हणजे सीलिंगमध्ये उघडणारं झाकण, नाही. सीलिंग उघडून द्या, सिव्हिल काम आमचं नाही.” ठीक आहे म्हणून सुताराकडून सीलिंग कापून घेतलं. मग माणूस आला, त्याने कापलेली जागा पाहिली आणि शेऱ्यात लिहिलं की ग्राहकाने परस्पर उघडल्यामुळे वॉरंटी लागू नाही. हा शेरा मी त्यांच्या वरिष्ठांना दाखवला, मेल केले, फोन केले. प्रत्येक वेळी नवीन तक्रार क्रमांक मिळाला आणि दोन दिवसांनी ‘आपली तक्रार सोडवली आहे’ असा मेसेज. आजही त्याचा राग येतो आणि तो येणं बरोबर आहे असं मला वाटतं. घरात वयस्कर माणूस, मे महिना, छतातून पाणी, आणि समोरच्याला फक्त आपला आकडा बंद करायचाय.

शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातला मेकॅनिक आला. त्याने त्या कापलेल्या चौकोनातून हात घातला, इंडोअरच्या फ्लेअर नटभोवती (तांब्याच्या पाइपाचं फुलवलेलं तोंड जिथे आवळतात तिथे) बोट फिरवलं आणि तेलकट काळं बोट मला दाखवलं. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही थोडं बाहेर येतं, त्यामुळे जिथे तेलाचा डाग तिथे गळती. साबणाचा फेस लावला तर बारीक बुडबुडे येत राहिले. पाइपाचं तोंड फुलवताना चिरलेलं होतं, बसवल्यापासूनच. त्याने तोंड कापून नवीन फ्लेअर केली, नायट्रोजन भरून दाब धरतोय का पाहिलं, व्हॅक्यूम केलं (पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढली) आणि मशीनच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरला. त्याची मजुरी आमच्या गॅसच्या एका बिलापेक्षा कमी होती. पण तोवर डक्टवरचं इन्सुलेशन भिजून बुरशीने काळं पडलं होतं, आणि ते बदलायचं तर हॉलपर्यंतचं सगळं सीलिंग उतरवावं लागणार होतं. तिथे आम्ही डक्टेडला रामराम केला.

म्हणून माझं ठाम मत असं की आपल्याकडे स्प्लिटचा पहिला फायदा वीज नसून उघडेपणा आहे. इंडोअर भिंतीवर डोळ्यांसमोर, फिल्टर आपल्या हाताने धुता येतो, कॉइल टॉर्चने दिसते, सांधे बघायला फार तर एक झाकण काढावं लागतं. सेवा केंद्र निकामी निघालं तरी कुठलाही जाणता मेकॅनिक तासाभरात दोष सांगू शकतो. आणि एक बिघडला तर बाकीचे चालू राहतात; मे महिन्यात ही केवढी सोय आहे ते एकदा सगळं घर बंद पडल्यावर कळतं.

अर्थात स्प्लिट म्हणजे आपोआप सुख असं नाही. त्याचा जीव बसवण्यात आहे. नव्या एसींतल्या आर-३२ गॅसचा दाब जुन्या आर-२२ पेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे कच्ची फ्लेअर फार दिवस टिकत नाही. तुमचं इंटिरियरचं काम सुरू असल्यामुळे कॉपर पाइप भिंतीत आधीच टाकले जातील. तिथे तीन गोष्टींवर अडून बसा: भिंतीच्या आत एकही सांधा नको, पाइपाची दोन्ही तोंडं बंद करून ठेवायची म्हणजे सिमेंटची धूळ आणि दमट हवा आत जाणार नाही, आणि प्लास्टर करण्याआधी नायट्रोजन भरून रात्रभर दाब बघायचा. एसी बसवायला येणाऱ्याकडे व्हॅक्यूम पंप आहे का हे फोनवरच विचारा. पुष्कळ जण पंप न लावता मशीनमधलाच थोडा गॅस सोडून पाइपातली हवा ढकलतात. त्याने ओल आत राहते आणि मशीनमधला गॅसही तेवढा कमी होतो. आर-३२ थोडा ज्वलनशीलही आहे, त्यामुळे तो असा बाहेर सोडणं तसंही बरं नाही.

आउटडोअरची जागा ठरवताना एकच विचार करा: तिथे माणूस उभा राहून काम करू शकेल का? डिझायनर ती बाहेरच्या बाजूला, दिसणार नाही अशा छज्ज्यावर ढकलतात. पंधराव्या मजल्यावर पट्ट्याशिवाय लोंबकळून गॅस तपासणारी पोरं मी पाहिली आहेत. काळीज हलतं. ड्राय बाल्कनीतली थोडी जागा गेली तरी चालेल, पण कोणाचा तरी मुलगा तुमच्या थंडाव्यासाठी जीव धोक्यात घालणार नाही असं बघा. गरम हवा समोर मोकळी जायला हवी, तोंडाशी जाळी किंवा कपड्यांची दोरी नको. खाडीकडची बाजू असेल तर कॉइलवर गंजरोधक लेप असलेलंच मॉडेल घ्या. सोसायटीची परवानगी लेखी घ्या, आणि महावितरणचा मंजूर भार किती आहे ते बिलावर बघून ठेवा.

जागा फारच कमी असेल तर मल्टी-स्प्लिट मिळतो, एका आउटडोअरवर दोन-तीन इंडोअर. दिसायला सुटसुटीत, पण आउटडोअर गेलं की सगळ्या खोल्या एकदम बंद, आणि सुट्या भागांसाठी थांबावं लागतं ते वेगळं. मी घेणार नाही. ज्यांच्याकडे नीट चाललाय त्यांनी जरूर लिहा, मला फक्त माझ्या शेजाऱ्यांचा अनुभव माहीत आहे. हॉलमध्ये डबा अजिबात नकोच असेल तर तेवढ्यापुरती कॅसेट (छतात बसणारा, फक्त खालचं पॅनल दिसणारा एसी) लावा, तिचं खालचं पॅनल निदान उघडता तरी येतं. आणि डक्टेडच करायचं ठरलं तर माणसाचे खांदे आत जातील एवढा ट्रॅपडोअर युनिटच्या सांध्यांखाली हवाच, डिझायनर कितीही नाक मुरडो.

एक गोष्ट राहिली. बंद खोलीत स्प्लिट तीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. (साधा डक्टेडही आणत नाही, हा गैरसमज खूप आहे.) सकाळी खिडक्या उघडा.

सेवा केंद्राशी गाठ पडलीच तर काम झाल्यावर निदान तासभर मशीन चालवून पाहिल्याशिवाय ओटीपी देऊ नका, आणि गॅस भरला असेल तर किती ग्रॅम भरला व गळती कुठे सापडली हे जॉबशीटवर, म्हणजे त्यांच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून घ्या. लिहायला नकार दिला तर तोच नकार मेलवर कळवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. मी तिथवर गेलो नाही, त्यामुळे निकालाला किती वेळ लागतो ते सांगू शकत नाही, पण जॉबशीट हाती असल्याशिवाय कुठेच काही सिद्ध होत नाही.

तुमच्या टाइल्स अजून बसायच्या आहेत असं लिहिलंय, म्हणून या आठवड्यातलं काम सांगतो. प्रत्येक खोलीत इंडोअर कुठे येणार ते भिंतीवर खडूने आखून घ्या. बेडच्या डोक्यावर नको, बाजूच्या भिंतीवर असू दे म्हणजे झोत अंगावर येत नाही. तिथून ड्रेनचा पाइप शेवटपर्यंत उतरता आहे का ते स्वतः बघा. पावसाळ्याच्या तोंडाशी एक टनाच्या मशीनमधून तासाला लिटरभर पाणी सहज येतं. टाइल लावण्याआधी वरच्या तोंडातून बादलीभर पाणी ओता आणि ते सगळंच्या सगळं खाली बाहेर पडतंय याची खात्री करूनच कंत्राटदाराला पुढचा हप्ता द्या.