ट्रँग्युलेशनला ‘त्रिकोणीकरण’ म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय: अमेरिकेचा माजी अध्यक्ष बिल क्लिंटनवरचा एक लेख मराठीत करताना ‘ट्रँग्युलेशन’ शब्द आला, विरोधी पक्षाच्या ताब्यातल्या काँग्रेसला (म्हणजे तिकडच्या संसदेला) तोंड द्यायची त्याची स्ट्रॅटेजी म्हणून, तर याला ‘त्रिकोणीकरण’ म्हणू की ‘मध्यममार्ग’?

मला विचाराल तर दोन्ही नको. ‘त्रिकोणीकरण’ वाचलं की डोळ्यासमोर जमीन मोजणारा माणूस येतो, आणि ते बरोबरच आहे, कारण शब्द मूळचा तिकडचाच, दोन ठरलेल्या जागांवरून कोन मोजायचे आणि तिसऱ्या जागेचा पत्ता काढायचा. पण ‘मध्यममार्ग’ त्याहून वाईट, कारण तो वाक्यात मस्त बसतो आणि अर्थ मात्र गुपचूप बदलतो.

क्लिंटन डेमोक्रॅट. १९९४च्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी दोन्ही सभागृहं जिंकली, प्रतिनिधीगृह तर ४० वर्षांनी त्यांच्या हाती आलं. डिक मॉरिस नावाच्या सल्लागाराने मग जे डोकं लावलं त्याला हा शब्द चिकटला. गरीब कुटुंबांना सरकारकडून मिळणाऱ्या रोख मदतीचंच उदाहरण घ्या. ती पद्धत बदलायचं वचन क्लिंटनने स्वतः १९९२च्या प्रचारात दिलेलं, म्हणजे मुद्दा रिपब्लिकनांचा एकट्याचा नव्हताच. पण त्यांनी पाठवलेला मसुदा त्याने दोनदा व्हेटो करून परत धाडला, एकदा बजेटच्या बिलासोबत आणि एकदा सुटा, आणि तिसऱ्यांदा आला तेव्हा २२ ऑगस्ट १९९६ला सही ठोकली, निवडणूक अडीच महिन्यांवर असताना! रिपब्लिकनांचा हुकमी मुद्दा गेला, आणि त्याच्या स्वतःच्या सरकारातल्या काही अधिकाऱ्यांनी निषेध म्हणून राजीनामे दिले.

आता यात ‘मधोमध’ कुठे आहे? मध्यममार्ग म्हणजे एका दोरीची दोन टोकं आणि आपण बरोबर मध्ये. इथे अध्यक्ष दोरी सोडून बाजूला, जरा उंचावर जाऊन उभा राहतो, विरोधकांचा लोकप्रिय मुद्दा स्वतःचा करतो, त्यातला टोचणारा भाग व्हेटोने कापायला बघतो, आणि वर आपल्या पक्षापासूनही अंतर दाखवतो. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण तेवढं काढलं तर उरते ती साधी तडजोड. जून १९९५मध्ये त्याने दहा वर्षांत बजेटची तूट संपवायचा प्लॅन मांडला, रिपब्लिकन सात वर्षं म्हणत होते, तर तेव्हा जास्त चिडले ते डेमोक्रॅटच.

‘दोन्ही डगरींवर पाय’ हाही पर्याय कोणीतरी सुचवेलच, पण त्यात माणूस फसणार असं आपण आधीच धरून चालतो, म्हणजे ती शिवी झाली, स्ट्रॅटेजीचं नाव नाही. ‘मुद्दा पळवणं’ आणि ‘शिडातली हवा काढून घेणं’ हे मात्र अर्ध्या अर्थाला फिट्ट बसतात आणि बातम्यांत रोज वापरातही आहेत.

मूळ प्रश्नात नसलेली पण मला जास्त खटकणारी गोष्ट म्हणजे ‘विरोधी पक्षाच्या ताब्यातली काँग्रेस’. मराठी वाचकाच्या डोक्यात विरोधी पक्ष म्हणजे ज्याच्याकडे आकडे कमी आहेत तो, मग त्याच्या ताब्यात सभागृह कसं काय? आणि काँग्रेस म्हटलं की आधी पक्षच आठवतो, ‘क्लिंटन आणि काँग्रेसचं भांडण’ असं हेडिंग दिलंत तर विचारायलाच नको. ‘संसदेत बहुमत रिपब्लिकनांचं, अध्यक्ष डेमोक्रॅट’ असं सरळ लिहा, चार शब्द जास्त गेले तरी चालतील. (‘राष्ट्रपती’ टाळा हेही सांगून ठेवतो, आपल्याकडचे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, तिकडचा अध्यक्ष स्वतःच सरकार चालवतो, हिंदीत दोघांनाही राष्ट्रपतीच म्हणतात म्हणून आपणही म्हणायलाच हवं असं नाही.)

आणि संसद हातात नसलेला प्रत्येक अध्यक्ष ट्रँग्युलेशनच करतो असंही समजू नका. हॅरी ट्रुमन या डेमोक्रॅट अध्यक्षाने १९४८मध्ये नेमकं उलटं केलं. तिथेही संसद रिपब्लिकनांची, त्यांनी आपला जाहीरनामा नुकताच मंजूर केलेला, तर याने जुलैमध्ये खास अधिवेशन बोलावलं आणि म्हणाला, एवढं सगळं करायचंय ना, मग करा की आता! फारसं काही पास झालं नाही आणि ‘काहीच न करणारी संसद’ म्हणत त्याने देशभर प्रचार केला, स्वतः जिंकला आणि दोन्ही सभागृहंही पक्षाकडे परत आली. याला ‘तोंडघशी पाडणं’ हा अस्सल शब्द आपल्याकडे तयार आहे. ट्रुमनने मुद्दा घेतला नाही, त्यांचा मुद्दा त्यांच्याच गळ्यात मारला.

तर भाषांतरात मी पहिल्यांदा असं लिहीन: ‘दोन्ही पक्षांपासून अंतर राखून विरोधकांचे मुद्दे आपलेसे करण्याची ही चाल ट्रँग्युलेशन म्हणून ओळखली जाते.’ पुढे नुसतं ट्रँग्युलेशन. मराठी शब्दच पाहिजे असा संपादकाचा हट्ट असेल तर ‘तिसरा कोन साधणं’ देऊन बघा, मी एकदोनदा वापरलाय, कोणी अर्थ विचारायला आलं नाही. आता तो कळला म्हणून आलं नाही की कोणी वाचलंच नाही, ते देव जाणे.