बॅकअप सुरू झाला की ईएनओ१ गप्प : कार्ड बदलण्याआधी हे बघा

तुमची अडचण मला कळली ती अशी. प्रॉक्समॉक्सचा (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीचा) सर्व्हर, मदरबोर्डवरचंच इंटेलचं आय२१९-एलएम नेटवर्क कार्ड. ईएनओ१ हे त्याच्या पोर्टचं लिनक्समधलं नाव. दोन-तीन दिवसांआड रात्रीचा बॅकअप सुरू झाला की नेटवर्क जातं, पोर्टचा दिवा मात्र लुकलुकत राहतो. रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत. आणि विचारताय, नवीन कार्ड मागवू का?

आज तरी मागवू नका.

आधी कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग बघा. 'जर्नलसीटीएल -के -बी -१' दिलंत की रीस्टार्टच्या आधीचे संदेश दिसतात. त्यासाठी 'व्हार/लॉग'मध्ये 'जर्नल' नावाची डिरेक्टरी असायला हवी. नसेल तर लॉग नुसता मेमरीत राहतो आणि रीस्टार्टबरोबर पुसला जातो. तसं झालं असेल तर ती आजच बनवून ठेवा आणि पुढच्या वेळी रीस्टार्ट करण्याआधी स्क्रीन-कीबोर्ड जोडून बसा. सर्व्हर आतून जिवंतच असतो.

लॉगमध्ये ई१०००ई या कार्डाच्या ड्रायव्हरच्या नावाने 'डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग' सापडलं, तर दुखणं ओळखीचं आहे. त्याखाली टीडीएच आणि टीडीटी असे दोन आकडे असतात. टीडीटी म्हणजे ड्रायव्हरने पाठवायचा माल रांगेत कुठपर्यंत लावलाय, टीडीएच म्हणजे कार्ड त्यातलं कुठपर्यंत उचलून मोकळं झालंय. हा संदेश दर दोन सेकंदांनी येतोय आणि टीडीएच जागचा हलत नाही, म्हणजे कार्ड मध्येच अडकलंय. मग कर्नलचा वॉचडॉग (अडकलेलं काम हेरणारी यंत्रणा) कार्ड रीसेट करतो. कधी ते सावरतं, कधी पुन्हा तिथेच येऊन अडकतं.

बॅकअपच्या वेळीच का? टीएसओमुळे, म्हणजे डेटाचे तुकडे करण्याचं काम कार्डावर सोपवणाऱ्या सोयीमुळे. एरवी कर्नल ६४ केबीपर्यंतचा अख्खा भोपळा कार्डाच्या हातात देतो आणि १५०० बाइटच्या एमटीयूत (एका पाकिटाच्या कमाल मर्यादेत) बसतील अशा फोडी कार्डाने करायच्या असतात. सलग मोठा डेटा जायला लागला की या मालिकेतल्या काही चिप नेमक्या फोडी करतानाच गळपटतात. तेव्हा फोडी प्रोसेसरलाच करू द्या : 'एथटूल -के ईएनओ१ टीएसओ ऑफ जीएसओ ऑफ'. (जीएसओ ही तशीच, पण कर्नलमधली सोय.) कमांडमधला 'के' कॅपिटल. लहान 'के' नुसती सद्यस्थिती दाखवतो, बदलत काहीच नाही. (यात मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.) एक गिगाबिटच्या वेगाला आजच्या प्रोसेसरवर पडणारा जास्तीचा भार तुमच्या लक्षातही येणार नाही.

रीस्टार्टनंतर हे टिकायचं तर 'इंटरफेसेस' फाइलमध्ये 'पोस्ट-अप' म्हणून हीच कमांड लिहा. ती ईएनओ१ वरच चालली पाहिजे, व्हीएमबीआर० या ब्रिजवर (व्हर्च्युअल मशीनना ईएनओ१ शी जोडणाऱ्या आभासी स्विचवर) नाही.

लॉग स्वच्छ असेल तर मात्र वाट वेगळी. 'एथटूल -एस ईएनओ१' ('एस'ही कॅपिटल) मध्ये सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडलेली पाकिटं, वाढताना दिसल्या तर संशय केबलवर. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मी दोनदा कार्ड बदललं होतं, दोन्ही वेळा फुकट. नेटवर्कची केबल लेथच्या मोटरच्या वायरीला खेटून नेलेली होती. केबल दुसऱ्या बाजूने फिरवली, एरर बंद.

आणखी एक. रीस्टार्ट करूनही कार्ड उठलं नाही तर ते मेलं असं लगेच धरू नका. वेक-ऑन-लॅनसाठी (नेटवर्कवरून मशीन चालू करण्याच्या सोयीसाठी) मशीन बंद असतानाही कार्डाला स्टँडबायची वीज मिळत राहते, त्यामुळे साध्या रीस्टार्टने ते पूर्ण रीसेट होतंच असं नाही. शटडाउन करा, पॉवर केबल काढा, अर्धा-एक मिनिट थांबा, मग लावा. एवढं करूनही पोर्ट दिसला नाही तर कार्ड बदलायचं बोला.

तेव्हाही एक सांभाळा. नवीन कार्डाच्या पोर्टला नाव वेगळं मिळेल आणि ब्रिज मात्र जुन्या ईएनओ१ चीच वाट बघत बसेल. त्याच 'इंटरफेसेस' फाइलमधल्या 'ब्रिज-पोर्ट्स'च्या ओळीतलं नाव आधी बदला, नाहीतर नवं कोरं कार्ड लावूनही सर्व्हर नेटवर्कवर येणार नाही.