भाच्याला धम्म सांगण्याआधी

जय भीम ताई. एमपीएससीची पूर्व परीक्षा दुसऱ्यांदा हुकलेल्या भाच्याला धम्म कसा सांगू, असं तुम्ही विचारलंत. अशा पोराला ‘सगळं अनित्य आहे’ असं ऐकवू नका, त्याला ते टोचेल. आधी चहा ठेवा, त्याचं ऐका. मग म्हणा, चल, दहा मिनिटं बसू. पाठ ताठ, डोळे मिटलेले, नाकपुड्यांशी श्वास येतो-जातो तेवढंच पाहायचं. मन पळणारच, परत आणायचं. तुम्हीही शेजारी बसा, रोज त्याच वेळी. हेच आनापान.

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्राचं 10 दिवसांचं शिबिर मोफत असतं, पण एवढ्यात ढकलू नका; तिथलं मौन पेलायला मन थोडं सावरलेलं लागतं. आणि झोप उडाली असेल, मरणाची भाषा करत असेल, तर आधी डॉक्टर. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये आजच टाका. माझ्या पुतण्याच्या वेळी मी डॉक्टरांकडे उशिरा गेलो, ते अजून सलतं.