सिंग–सँग–संग स्ट्राँग, मग कीप–केप्ट कोणत्या गटात?

इंग्रजी क्रियापदांचे दोन गट आहेत: भूतकाळ फक्त आतला स्वर बदलून होतो ते स्ट्राँग, शेवटी 'ट' किंवा 'ड' जोडून होतो ते वीक. कीप–केप्ट हे वीक क्रियापदच आहे. स्वर बदलला की स्ट्राँग, अशी सरसकट खूणगाठ बांधली की इथेच घोळ होतो.

आधी शेवट बघा. भूतकाळात शेवटी 'ट' किंवा 'ड' चिकटला असेल तर बहुधा वीक: वॉक–वॉक्ट, ब्रिंग–ब्रॉट, थिंक–थॉट. कीपमधला मूळ दीर्घ स्वर 'प्ट' या जोडव्यंजनापुढे आखूड झाला. भूतकाळ दाखवतो तो 'ट'च. स्ट्राँगमध्ये असा प्रत्ययच नसतो, सगळं काम आतला स्वर करतो: ड्रिंक–ड्रँक–ड्रंक. मात्र सिट–सॅटमधला 'ट' मूळ धातूचाच आहे, तो मोजायचा नाही.

जर्मनमध्ये ओळखणं सोपं. स्ट्राँगचं कृदंत (तिसरं रूप) '-एन'वर संपतं (झिंगन–झांग–गेझुंगन), वीकचं '-ट'वर (लाखन–लाख्टं–गेलाख्ट). हेंगन (टांगणं) मात्र दोन्हीकडे आहे: चित्र भिंतीवर टांगलेलं होतं तर 'हिंग', कुणी ते टांगलं तर 'हेंग्टं'. परीक्षेत इथे हमखास मार्क जातात.

स्ट्राँग आणि वीक ही नावं जर्मन भाषातज्ज्ञ याकोब ग्रिमची. जुन्या इंग्रजीत स्ट्राँगचे ७ वर्ग होते. पुढे बरीच क्रियापदं वीककडे सरकली. हेल्पचा भूतकाळ पूर्वी 'होल्प' होता, जर्मन हेल्फन अजून 'हाल्फ'वर ठाम आहे. उलटा प्रवास विरळा, पण वेअर–वोर तसंच आलंय. नवी क्रियापदं जवळपास डोळे झाकून वीक धरा: गूगल्ड, जर्मनमध्ये गेगूगल्ट.